'सिग्निफिकंट' म्हणजे नक्की किती मोठं?



आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. शब्द साधाच आहे, आपण सगळेच तो वापरतो: सिग्निफिकंट. इंग्रजी बातम्यांत 'सिग्निफिकंट राइज', ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'सिग्निफिकंट प्रोग्रेस', लग्नपत्रिकेआधीच्या टप्प्यावरच्या माणसाला 'सिग्निफिकंट अदर'. या सगळ्या ठिकाणी त्याचा अर्थ ढोबळमानाने एकच: मोठा, महत्त्वाचा, दखल घ्यावी असा.

पण शोधनिबंधात तोच शब्द आला की त्याचा अर्थ बदलतो. घोळ असा की शब्दाचं रूप तेच राहतं, त्यामुळे अर्थ बदललाय हे वाचणाऱ्याला कळतच नाही. शोधनिबंधातलं 'सिग्निफिकंट रिडक्शन' प्रेस नोटमध्ये उतरतं, तिथून वर्तमानपत्रात येतं, मराठीत 'लक्षणीय घट' होतं, मग व्हॉट्सॲपवर फिरतं. आणि घरातले काका विचारतात, "ही गोळी मीपण सुरू करू का? लक्षणीय फायदा आहे म्हणे." म्हणजे एका विशेषणाचा अर्थ कसा लावायचा, यावर कुणी रोज गोळी घ्यायची की नाही हे ठरायला लागतं. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ या. गणित फार नाही, जे आहे ते चहा आणि नाण्यांपुरतंच आहे.

शब्द मुळात 'खुणेचा'

सिग्निफिकंट हा शब्द लॅटिनमधून आला. 'सिग्नम' म्हणजे खूण, 'फाचेरे' म्हणजे करणं. जे खूण करतं, काहीतरी सुचवतं, ते सिग्निफिकंट. 'महत्त्वाचा' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. जुना अर्थ आजही काही कोपऱ्यांत टिकून आहे. 'अ सिग्निफिकंट ग्लान्स' म्हणजे मोठा कटाक्ष नव्हे, सूचक कटाक्ष. शाळेत शिकलेले 'सिग्निफिकंट फिगर्स' आठवा. ०.००४५ या संख्येत असे अंक दोनच, ४ आणि ५. संख्या एवढीशी आहे, पण हे दोन अंक आपल्याला मोजमापाबद्दल काहीतरी सांगतात. इथेही 'मोठं' असण्याचा काही संबंध नाही.

संख्याशास्त्रात हा शब्द आणणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्ये फ्रान्सिस एजवर्थ हे नाव येतं. १८८५ मध्ये त्यांनी दोन सरासरींमधल्या फरकाबद्दल हा शब्द वापरला. दोन गटांच्या सरासरीत फरक दिसतोय, पण तो काही सुचवतोय का, की निव्वळ योगायोगाने आलाय? काही सुचवत असेल तर सिग्निफिकंट. किती मोठा फरक, किती उपयोगाचा, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

गंमत बघा, आपल्या 'लक्षणीय' शब्दाच्या पोटातही 'लक्षण' आहे, म्हणजे खूणच! पण रोजच्या मराठीत 'लक्षणीय' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं 'बरंच मोठं'. इंग्रजी शब्दाचं जे झालं तेच मराठी शब्दाचंही झालं.

चहाचे आठ कप

मग फरक 'काहीतरी सुचवतोय' हे ठरवायचं कसं? यासाठी सगळ्यांत गाजलेलं उदाहरण चहाचं आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर काम करत होते. तिथल्याच म्युरिअल ब्रिस्टल या शेवाळांचा अभ्यास करणाऱ्या बाईंचं म्हणणं होतं, की कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे मी नुसत्या चवीवरून सांगू शकते. (आपल्यासारखा सगळं एकत्र उकळून केलेला चहा असता तर हा वादच झाला नसता!) फिशर यांनी पुढे १९३५ च्या आपल्या 'द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स' या पुस्तकात, बाईंचं नाव न घेता, हा प्रयोग नीट मांडून दाखवला.

प्रयोग असा. आठ कप. चारमध्ये आधी दूध, चारमध्ये आधी चहा. कप उलटसुलट क्रमाने द्यायचे, आणि आधी दूध घातलेले चार कप कुठले ते बाईंनी ओळखायचं.

आता समजा बाईंना चवीतलं काहीच कळत नाही, त्या नुसता अंदाज ठोकतायत. आठातून चार कप निवडण्याचे एकूण प्रकार ७०. त्यातला बरोबर एकच. म्हणजे नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १, साधारण १.४ टक्के. इतकं नशीब सहसा साथ देत नाही, तेव्हा चारही बरोबर आले तर 'बाईंना खरंच काहीतरी कळतंय' असं म्हणायला जागा आहे. पण तीनच बरोबर आले तर? तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याचे प्रकार ७० पैकी १७, म्हणजे सुमारे २४ टक्के. हे तर चारातून एकदा कुणाच्याही नशिबी येईल. यावरून काही ठरवता येत नाही.

हा जो १.४ टक्के किंवा २४ टक्के आकडा आहे ना, तीच सुप्रसिद्ध पी-व्हॅल्यू. एका वाक्यात: खरं तर काहीच परिणाम नाही असं धरून चाललो, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती? ती पुरेशी कमी असली, की निकालाला 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' म्हणायचं.

'पुरेशी कमी' म्हणजे किती?

बहुतेक विषयांत ही रेघ ०.०५ वर, म्हणजे २० मध्ये १ वर आखलेली असते. ही निसर्गाने आखलेली नाही. १९२५ च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली, आणि ती रूढ झाली. सगळ्यांची रेघ सारखीही नसते. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा कणभौतिकीवाल्यांचा निकष होता 'फाइव्ह सिग्मा', म्हणजे साधारण ३५ लाखांत एक. एकाच विशेषणामागे एका खोलीत विसात एक आणि दुसऱ्या खोलीत ३५ लाखांत एक!

आणि ०.०५ ची रेघ वाटते तेवढी कडक नाही. ज्यांचा काहीच परिणाम नाही अशा २० गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या, तर त्यातली किमान एक तरी योगायोगाने 'सिग्निफिकंट' ठरण्याची शक्यता ६४ टक्के निघते. म्हणून एखाद्या अभ्यासात किती गोष्टी तपासल्या आणि त्यातल्या किती छापल्या, हे कळणं महत्त्वाचं असतं.

आणखी एक घसरण इथेच होते. पी-व्हॅल्यू ०.०५ आहे म्हणजे 'निकाल खरा असण्याची शक्यता ९५ टक्के' असं सर्रास समजलं जातं. तसं नाही. मलेरियाचं उदाहरण घ्या. मलेरिया झालेल्या माणसाला ताप येण्याची शक्यता खूप असते. पण ताप आलेल्या माणसाला मलेरिया असण्याची शक्यता तेवढी नसते, कारण ताप दहा कारणांनी येतो. दोन्ही वाक्यांत शब्द तेच, पण दिशा उलटी. पी-व्हॅल्यू सांगते 'परिणाम नसेल तर असा डेटा दिसण्याची शक्यता किती'. आपल्याला हवं असतं 'असा डेटा दिसलाय, तर परिणाम नसण्याची शक्यता किती'. ते उत्तर ती देत नाही.

खात्री वेगळी, आकार वेगळा

आता मुख्य मुद्दा. समजा एक नाणं किंचित खोटं आहे, त्यात छापा ५१ टक्के वेळा पडतो. १०० वेळा उडवलं आणि ५१ छापे पडले, तर कुणाला शंकासुद्धा येणार नाही. चांगल्या नाण्यातही असं सहज होतं. पण तेच नाणं १०,००० वेळा उडवलं आणि ५,१०० छापे पडले, तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जाते. निकाल 'सिग्निफिकंट'!

नाणं बदललं का? नाही. खोट वाढली का? नाही, ती दोन्हीकडे एक टक्काच आहे. वाढली ती आपली खात्री, कारण आपण जास्त वेळा उडवलं. म्हणजे अभ्यास पुरेसा मोठा असेल तर अगदी चिमूटभर फरकही 'सिग्निफिकंट' ठरू शकतो. आणि अभ्यास छोटा असेल तर चांगला मोठा फरकही त्या रेघेपर्यंत पोचत नाही.

आपल्या 'लक्षण' शब्दाने हे छान समजतं. सर्दी झालीय हे लक्षणांवरून कुणीही छातीठोकपणे सांगेल, पण म्हणून सर्दी हा मोठा आजार होत नाही. उलट एखाद्या गंभीर आजाराची लक्षणं सुरुवातीला अगदी पुसट असतात. लक्षण किती स्पष्ट आहे आणि आजार किती मोठा आहे, हे दोन वेगळे प्रश्न.

काकांची गोळी

हे दोन्ही प्रकार एकाच अभ्यासात बघायचे असतील तर अ‍ॅस्पिरिनकडे येऊ. अमेरिकेत 'फिजिशियन्स हेल्थ स्टडी' नावाचा एक मोठा प्रयोग झाला. ४० ते ८४ वयाचे २२,०७१ पुरुष डॉक्टर स्वतःच त्यात सहभागी झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. अ‍ॅस्पिरिनच्या भागाचा अंतिम अहवाल १९८९ मध्ये आला.

साधारण पाच वर्षांत अ‍ॅस्पिरिनच्या गटातल्या ११,०३७ जणांपैकी १३९ जणांना हार्ट अटॅक आला, दुसऱ्या गटातल्या ११,०३४ पैकी २३९ जणांना. पी-व्हॅल्यू लाखात एकाहून कमी. निकाल सिग्निफिकंट आहे यात काडीची शंका नाही. टक्केवारीत बोललो तर हार्ट अटॅकमध्ये ४० टक्क्यांहून जास्त घट. मथळा तयार!

आता हेच दर हजारी बघा. अ‍ॅस्पिरिनशिवाय हजारात सुमारे २२ जणांना अटॅक आला, अ‍ॅस्पिरिन घेऊन सुमारे १३ जणांना. म्हणजे हजार जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तेव्हा नऊ जणांचा अटॅक टळला. वेगळ्या शब्दांत, एक अटॅक टाळायला साधारण ११० जणांनी पाच वर्षं गोळी घ्यायची. हा फायदा खरा आहे, आणि त्या नऊ जणांसाठी तर सर्वस्व आहे. पण 'लक्षणीय' वाचून काकांच्या मनात जे चित्र उभं राहतं, ते हे नाही.

आणि त्याच अहवालात दुसरी ओळ आहे. मेंदूत रक्तस्राव होऊन झालेले झटके: अ‍ॅस्पिरिनच्या गटात २३, दुसऱ्या गटात १२. जवळजवळ दुप्पट. पण आकडे लहान, त्यामुळे पी-व्हॅल्यू आली ०.०६. रेघ ०.०५ ची. म्हणजे निकाल 'नॉट सिग्निफिकंट'.

आता 'नॉट सिग्निफिकंट'चं रोजच्या भाषेत भाषांतर करा. 'धोक्यात लक्षणीय वाढ आढळली नाही.' वाचणाऱ्याने काय समजायचं? धोका नाही. काळजी नको. आकडे मात्र सांगत होते, की धोका बहुधा वाढतोय, फक्त खात्रीने म्हणण्याइतके रुग्ण या अभ्यासात झाले नाहीत. अहवालातल्या अंदाजाप्रमाणे धोका किंचित कमी होण्यापासून ते पावणेपाच पट होण्यापर्यंत काहीही असू शकत होतं. याला 'काही फरक नाही' म्हणत नाहीत. याला म्हणतात 'अजून माहीत नाही'.

पुढे काय झालं? २०१८ मध्ये 'ॲस्प्री' नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ निरोगी ज्येष्ठ नागरिक त्यात होते. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण ३.८ टक्के, न घेणाऱ्यांत २.८ टक्के, आणि हा फरक सिग्निफिकंट होता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवांच्या तज्ज्ञगटाने सांगितलं, की ज्यांना आधी हृदयविकार नाही अशा ६० किंवा त्याहून जास्त वयाच्या लोकांनी निव्वळ प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. (महत्त्वाचं: ज्यांना आधी अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय त्यांचा हिशेब पूर्ण वेगळा असतो. हे वाचून कुणीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.)

'नॉट सिग्निफिकंट' आणि 'इनसिग्निफिकंट'

इथे इंग्रजी व्याकरणातली एक बारीक गोष्ट कामाला येते. 'इनसिग्निफिकंट' म्हणजे क्षुल्लक, नगण्य. 'नॉट सिग्निफिकंट' किंवा 'नॉन-सिग्निफिकंट' म्हणजे संख्याशास्त्राची रेघ न ओलांडलेला. शोधनिबंधात सहसा दुसराच प्रकार असतो. मराठीत आणताना त्याचं 'नगण्य' केलं की अर्थ पार पालटतो. 'फरक नगण्य होता' आणि 'फरक आहे की नाही ते ठरवता आलं नाही', या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हा वाद थेट कोर्टातही गेलाय. अमेरिकेत झायकॅम नावाचं सर्दीवरचं एक औषध होतं. ते नाकात वापरल्यावर वास येणं बंद झाल्याच्या काही तक्रारी कंपनीकडे पोचल्या होत्या. त्या गुंतवणूकदारांना सांगितल्या नाहीत म्हणून कंपनीवर खटला झाला. कंपनीचं म्हणणं होतं, की तक्रारींची संख्या 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' नव्हती, मग सांगायची गरजच काय? २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा युक्तिवाद फेटाळला. तक्रारी ती रेघ ओलांडत नाहीत एवढ्यावरून त्या बिनमहत्त्वाच्या ठरत नाहीत, असा निकालाचा सारांश. डॉक्टर आणि नियामकसुद्धा निर्णय घेताना फक्त या एका रेघेवर थांबत नाहीत, हे न्यायालयाने लक्षात घेतलं.

मग हा शब्द टाकूनच द्यायचा का?

तसं म्हणणारेही आहेत. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने पी-व्हॅल्यूबद्दल सहा तत्त्वं जाहीर केली. त्यातलं एक आपल्या विषयाचंच आहे: पी-व्हॅल्यू परिणामाचा आकार सांगत नाही, की निकालाचं महत्त्वही. २०१९ मध्ये तर 'नेचर'मध्ये तीन संशोधकांनी लेख लिहून 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' ही वर्गवारीच बंद करा असं आवाहन केलं, आणि त्याला ८०० हून जास्त जणांनी सह्या देऊन पाठिंबा दिला. विरोधी बाजूचं म्हणणं असं, की रेघ काढून टाकली तर प्रत्येक जण आपल्याला हवा तो निकाल 'महत्त्वाचा' म्हणून खपवेल. रेघ मनमानी असली तरी सगळ्यांना सारखी तरी आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि वाद अजून चालूच आहे.

तो मिटेपर्यंत आपण वाचकांनी काय करायचं? 'सिग्निफिकंट' किंवा 'लक्षणीय' दिसलं की तीन प्रश्न विचारायचे.

१. किती? टक्क्यातली घट नको, दर हजारी किती जणांना फायदा झाला ते सांगा.

२. किती खात्रीने? अंदाजाची खालची आणि वरची टोकं कुठली? (इंग्रजीत याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात, आणि बहुतेक चांगल्या अहवालांत तो दिलेला असतो.)

३. कशाच्या बदल्यात? दुसऱ्या बाजूला काय वाढलं? तिथे 'नॉट सिग्निफिकंट' लिहिलं असेल तर प्रत्यक्ष आकडे काय आहेत?

आणि मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. शोधनिबंधातल्या 'सिग्निफिकंट'साठी 'लक्षणीय' लिहिण्याऐवजी 'सूचक' लिहून बघा, किंवा सरळ लिहा: 'हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी आहे'. वाक्य लांबतं, मान्य. पण 'लक्षणीय' हा शब्द तेव्हासाठी राखून ठेवू या, जेव्हा फरक खरोखर डोळ्यांत भरण्याइतका असेल.

काकांना उत्तर काय द्यायचं म्हणता? "फायदा आहे हे नक्की, पण तो हजारात नऊ जणांना झाला, तोही पाच वर्षांत. आणि रक्तस्रावाचा धोकाही आहे. तुमचं वय आणि बाकीचं सगळं बघून डॉक्टर ठरवतील." 'लक्षणीय' शब्द एकदाही न वापरता सगळं सांगून झालं की नाही?